बाबांच्या कानाएवढा आवाज

उधन्याला शेठच्या लूमच्या कारखान्यावरच आमची भाड्याची खोली होती. त्याच खडखडाटात राबून बाबांचे कान गेले होते. सुट्टीच्या दिवशी लूम बंद असताना मी होम थिएटर जोडायला बसले. ‘पोरीनं कशाला वायरींत हात घालायचा?’ म्हणत काका नुसतेच बघत होते. मी लाल-काळ्या वायरी ॲम्प्लिफायरला जोडल्या, आवाज घुमावा म्हणून स्पीकर दोन माठांत बसवले आणि माठांची तोंडं बाबांच्या खुर्चीकडे केली.

सिनेमातल्या विनोदाला बाबा हसले, अगदी आमच्याबरोबर.

तेवढ्यात शेठ जिना चढून आले. ‘बेन, आजे तो शांती राखो!’

मी आवाज आणखी वाढवला.

‘शेठ, बाबांचे कान तुमच्या कारखान्यात गेले. ते परत आणून द्या, लगेच कमी करते.’