दीड कट्टैची गिटार

आमच्या घरात श्रुतिपेटी सकाळी सुरू होते ती संध्याकाळी अप्पा शिलाईचं मशीन झाकतात तेव्हाच बंद होते. पेटी विजेवर चालणारी, डब्याएवढी. तिचा तो एकच 'सा-प-सा' दिवसभर घरात भरून असतो. आई त्यावरच भाजी चिरते, अप्पा त्यावरच काज करतात. पाहुणे आले की पहिल्यांदा विचारतात, फ्रिज बिघडलाय का?

अप्पा शिंपी. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि पुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, त्यांचं मशीन. पाय मशीनवर आणि तोंडात अभंग, असा त्यांचा जन्म चाललाय. शनिवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत भजन असतं. अप्पा ओळ म्हणतात, बाकीच्यांनी ती उचलायची. बाकीचे म्हणजे आता चारपाच म्हातारे, ज्यांचा आवाज पहिल्या अभंगातच बसतो. म्हणून ओळ उचलणारा एक तरी तरणा गळा लागतो. पूर्वी एक काका होते, ते मुलाकडे कोइमतूरला गेले. तेव्हापासून तो गळा माझा.

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला पहिला मी. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि उगाच नम्रपणा दाखवण्यासारखंही नाही. तिरुच्चीला वसतिगृहात राहून मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. काळ्या झग्यातला माझा फोटो अप्पांनी मशीनसमोर लावलाय, गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी दाखवतात. हे मी ज्या मराठीत लिहितोय तीही मी मिळवलेलीच. तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांची घरची मराठी तोंडात असते, कागदावर नसते. लिपी शाळेत हिंदीच्या तासाला शिकलो, पुस्तकातली मराठी फोनवर वाचून.

वसतिगृहातून मी दोन गोष्टी घेऊन घरी आलो. एक पदवी, दुसरी जुनी गिटार. आमच्या मजल्यावरची मुलं इंग्रजी रॉक ऐकायची, आमच्या बापांच्या तरुणपणातलं. तीन वर्षं मी ते ऐकलं आणि मला ते आवडलं. कुणी ओळ उचलायला सांगत नव्हतं, म्हणूनही असेल.

घरी आल्यावर शिकवायला कोण? इंटरनेटवर एक गोरा मास्तर सापडला. पांढरे केस, विटांच्या भिंतीपुढे खुर्ची. हा माणूस एका गाण्याचे पंधरा-वीस धडे करतो. पडद्याच्या अर्ध्या भागात त्याचा डावा हात, अर्ध्या भागात उजवा. अंगठा मागे कुठे टेकवायचा, नखी किती तिरकी धरायची, सगळं सांगतो. पाहिजे तो तुकडा निम्म्या वेगाने, पुन्हापुन्हा वाजवून घेता येतो. जमलं नाही तर म्हणतो, काही हरकत नाही, मागे जा. आमच्याकडे पाठ करून घेणारे गुरू असेच असतात, फक्त हा डोक्यात टपली मारत नाही.

मी पापनाशमला एका तांदळाच्या गिरणीच्या ऑफिसात कामाला आहे. पॅसेंजरने जायचं, पॅसेंजरने यायचं. आलो की कॉफी पिऊन मधल्या खोलीत गिटार घेऊन बसायचं. मधल्या खोलीला दार नाही, पडदा आहे. एका कानात मास्तर. दुसरा कान उघडा ठेवावा लागतो, कारण अप्पांनी हाक मारली आणि पहिल्याच हाकेला 'ओ' आली नाही, तर ते मशीन थांबवून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतात, "पदवीधर कामात आहेत!"

तर त्या उघड्या कानातून श्रुती आत यायची. अप्पांचा सा दीड कट्टैचा. बाजाच्या पेटीवर सप्तकाची पहिली पांढरी पट्टी म्हणजे एक कट्टै, तिच्या पुढची काळी दीड, त्या पुढची पांढरी दोन. महाराष्ट्रात दीडला काळी एक म्हणतात म्हणे. मास्तरांचं गाणं होतं दोनमध्ये. म्हणजे घर दीडमध्ये गुणगुणतंय आणि मी त्याच्या डोक्यावर अर्धा स्वर चढून दोन वाजवतोय. भातात खडा लागावा तसं व्हायचं. आई पडदा बाजूला करून म्हणायची, "अय्यो, काय रे ते? दात शिवशिवतात."

"श्रुती जरा बंद करू का?" मी एकदा अप्पांना विचारलं.

"कां? सुम्मा, आपली उगी चालते ती, तुला काय खाते?"

"मला वाजवता येत नाही."

"मग तू श्रुतीला धरून वाजव. सगळं जग धरतं."

मी धरलं. सहाही तारा अर्धा स्वर उतरवल्या. धड्यांच्या पानावर एक सोय आहे, बोटाने सरकवलं की मास्तरांची गिटारसुद्धा अर्धा स्वर खाली येते. तीही उतरवली. मास्तर दीड कट्टैत आले, मी दीड कट्टैत आलो, घर खूश. आईने तर एकदा कुकर बंद करता करता तो सुरुवातीचा तुकडा गुणगुणलासुद्धा. मला वाटलं, काय डोकं चालवलं!

तसंच मी ते अख्खं गाणं बसवलं. वर्ष गेलं त्यात. शेवटी जो एकट्या गिटारचा भाग येतो, त्यात तार ओढून स्वर वर न्यायचा असतो. मास्तर त्या एका ओढीवर अख्खा धडा घेतात. बोट एकटं लावू नका, मागे दुसरी दोन बोटं द्या, मनगट वळवा, पोचायचा स्वर आधी मनात ऐका. वीणेवर आमच्याकडे तार ओढतातच, त्यामुळे ओढ माझ्या कानाला परकी नव्हती. हाताला होती. बोटांना घट्टे पडले, मग ती जमली.

त्याच सुमारास तिरुच्चीहून ड्रमवाल्याचा फोन आला. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत होता. त्यांची चौघांची टोळी आता लग्नाच्या स्वागतसमारंभांना वाजवते. गिटारवाला परदेशी चालला होता.

"मचान, अजून वाजवतोस की देवळात बसलास?" तो तमिळमध्ये म्हणाला. मचान म्हणजे दोस्त.

मी गाण्याचं नाव सांगितलं.

"शेवटचा भागसुद्धा?"

"शेवटचा भागसुद्धा."

"ये मग. ते जमलं तर जागा तुझी. दर शनिवारी."

दर शनिवारी. त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होतो. वाजवण्याचा आनंद होताच, पण खरं सांगायचं तर आठवड्यातली एक संध्याकाळ माझी होणार होती. मला कुणाची तरी ओळ उचलायची नव्हती. अप्पांना सांगितलं, गिरणीचं काम आहे. एका शनिवारी चाललं.

ड्रमवाल्याच्या बापाचं टायरचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली. रबराचा वास, कोपऱ्यात उशा कोंबलेला ड्रम. मी पहिला झंकार दिला आणि गाणारा खुर्चीतून उठलाच.

"हे काय? अर्धा उतरलायस तू."

"मी बरोबर आहे, तुम्ही चढलाय," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं. त्यांचं सगळं मला ताणलेलं, किंचाळणारं वाटत होतं.

त्याने फोनवरचं स्वर दाखवणारं यंत्र माझ्या तारेजवळ धरलं. काटा डावीकडे. मग मी सगळं सांगितलं. श्रुतिपेटी, दीड कट्टै, पडदा. तिघं पोट धरून हसले. मीही हसलो थोडा.

"तुम्हीच अर्धा खाली या ना," मी म्हणालो. "गाणाऱ्याला उलट सोपं जाईल."

"आणि बाकीची गाणी? एका माणसासाठी सगळ्यांनी उतरायचं?" ड्रमवाला म्हणाला. "अप्पांची श्रुती मांडवात नवऱ्याशेजारी बसवू का? तारा चढव, तलैवा."

चढवल्या. सुरुवात कशीबशी गेली. शेवटच्या भागात मी तार ओढली आणि स्वर पोचलाच नाही. पुन्हा ओढली. मध्येच कुठेतरी लोंबकळत राहिला. चढवलेली तार जास्त ताणलेली, हाताला सवय सैल तारेची. तारेचा ताण आणि कंपनसंख्या यांचं सूत्र मी परीक्षेत लिहिलंय, पैकीच्या पैकी गुण घेतलेत. आणि वर्षभर ते माझ्या बोटाखाली होतं तेव्हा मला दिसलं नाही, कारण घरात कुणाचे दात शिवशिवत नव्हते.

"हात चांगलाय," गाणारा जाता जाता म्हणाला. "पण पुढच्या शनिवारी पक्कं करून ये. त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्हाला एका लग्नात वाजवायचंय. आम्हाला थांबता येणार नाही."

तो आठवडा मी गिटार पापनाशमला नेली. पॅसेंजरमध्ये एका बाईने विचारलं, "वीणा का?" मी हो म्हणालो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पोत्यांच्या खोलीत बसायचो. तिथे श्रुती नाही, फक्त गिरणीची धडधड. तारा पूर्ण चढवलेल्या. मास्तरही सरकवून परत वर नेले. पहिले दोन दिवस त्यांचा आवाज मला ओळखू येईना, जणू कुणी परका माणूस त्यांच्या खुर्चीत बसलाय. पहिल्या धड्यापासून गेलो. मागे जा, मागे जा. बोटांच्या घट्ट्यांवर नवे फोड आले. गुरुवारी ओढ पोचली. शुक्रवारी प्रत्येक वेळी पोचली. हमाल दारात उभा राहून ऐकत होता, म्हणाला, "सार, पुन्हा तेच?" मी म्हणालो, "पुन्हा तेच."

शुक्रवारी संध्याकाळी मी अप्पांपुढे उभा राहिलो. या वेळी गिरणीचं नाव सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

"अप्पा, उद्या मी भजनाला नाही. तिरुच्चीला जातो. गिटार वाजवायला."

ते बाहीला अस्तर लावत होते. "होय?"

"जमलं तर दर शनिवारी."

मशीन चालू राहिलं. "जा की. मी धरून ठेवलं का तुला?"

"मग ओळ कोण उचलणार?"

"ते तुला कशाला होणा, कशाला पाहिजे? तू जा."

यावर भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. ते नको म्हणाले असते तर मी हट्टाने गेलो असतो. पण जा म्हणून ते पुन्हा अस्तरात शिरले. आत आई ताटं मांडत होती, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचा आवाज हल्ली तिसऱ्या अभंगाला फुटतो. बघितलंस ना?"

बघितलं होतं. दर शनिवारी त्यांच्या मागे बसणारा मीच. आवाज फुटला की मी थोडं मोठ्याने म्हणतो. कुणाला कळत नाही.

शनिवारी दुपारी मी शर्ट घालून, गिटार खांद्याला लावून निघालो. बस जुन्या स्टँडवरून होती. तिण्णैची पायरी उतरतोय तोच समोरून भजनाला साथ करणारे मृदंगवाले मामा आले. नेहमीपेक्षा लवकर आले होते, आणि बरोबर कुंभकोणमचे दोन पाहुणे, भजन ऐकायला आणलेले. मामांनी माझ्या खांद्यावरची गिटारची पिशवी पाहिली आणि गल्लीतच थांबले.

"अय्यो! पोरगा आज वाद्य घेऊन बसतोय!" त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. "म्हटलं नव्हतं मी? कॉलेज शिकलेला मुलगा आहे. आत चल, आत चल, बाहेर कां उभा?"

आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला फिरवलं. पाहुणे हसून बाजूला झाले, मला आधी आत जायला वाट देत.

अप्पा दारात आले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणू शकले असते, नाही हो, तो बाहेर निघालाय. एवढंच वाक्य. मीही म्हणू शकलो असतो, ते तर आणखी सोपं होतं, तोंड माझंच. मी वाट पाहिली त्यांनी म्हणण्याची. कदाचित तेही माझी पाहत असतील.

"मग श्रुतीला लावून घे," अप्पा म्हणाले, आणि आत जाऊन चटई पसरू लागले.

मी मागे बसलो, माझ्या नेहमीच्या जागेवर. पेटी चालू होती. पाहुण्यांना कॉफी आली. खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मामा मृदंगाच्या शाईवर बोट मारून बघत होते. मी जाड तारेपासून सुरुवात केली, खुंटी पिळून एकेक तार खाली आणली. जाड तारा पटकन उतरतात. बारीक तार, जी आठवडाभर मी ओढत होतो, ती मागे ठेवली.

अप्पा चिपळ्या हातात घेऊन बसले होते. सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी ती तार छेडली आणि थोडी उतरवली.

"अजून किंचित खाली," अप्पा म्हणाले.

मी उतरवली. त्यांनी मान हलवली आणि पहिली ओळ म्हटली.