किकुए-सानचं हुकलेलं मत

ऑस्ट्रेलियात, गुंगालिनला, चित्रलेखाच्या शेजारी किकुए-सान राहतात. वय एक्क्याऐंशी. ऑस्ट्रेलियन नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण जपानचं नागरिकत्व त्यांनी सोडलं नाही. तिथलं मत हातचं जाऊ नये म्हणून. आणि ते मत कायम विरोधी पक्षाला.

“दर वेळी हरणाऱ्यांनाच कसं काय देता?” चित्रलेखाने एकदा विचारलं होतं.

“जिंकणाऱ्यांना माझी काय गरज?”

चित्रलेखा पुण्यात जपानी शिकली. किकुए-सानची नजर अधू झाल्यापासून त्यांचं टपाल तीच वाचून दाखवी. जुलैत वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीचं पत्र आलं. यंदा त्यांच्या गावाकडे विरोधी पक्षांनी आपसातली भांडणं मिटवून एकच उमेदवार दिला होता. तिकडे मतपत्रिकेवर नाव हाताने लिहावं लागतं. किकुए-सान जाड पेन्सिलीने ते गिरवत बसल्या. चित्रलेखा ट्रेनच्या घाईत होती. तिकडे मतदान रविवारी, एवढं वाचून तिने पत्र मिटलं.

“आदल्या दिवशी, शनिवारी, जपानी दूतावासात नेते तुम्हाला मत द्यायला.”

शनिवारी दूतावासाच्या फाटकावरचा गार्ड म्हणाला, “सॉरी. इथलं मतदान गेल्या रविवारीच संपलं.” मतपत्रिका जपानला पोचायला वेळ लागतो. पत्रात खाली ते लिहिलेलं होतं.

ती गाडीपाशी परत आली. ठेवणीतला कोट घालून, नावाचा कागद मांडीवर धरून किकुए-सान बसल्या होत्या.

“बंद झालंय,” ती म्हणाली.

“आधीच? सरकारनेच केलं असणार!”

चित्रलेखाने गाडी सुरू केली.

रविवारी निकाल लागला. त्यांचा उमेदवार जिंकला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. किकुए-साननी टाळ्या वाजवल्या, मग हात मांडीवर ठेवले.

“माझ्याशिवाय,” त्या म्हणाल्या.

“अगं, सांगून टाक ना,” घरी विश्राम, तिचा नवरा, म्हणाला. “नो वरीज म्हणतील.”

“तेच नकोय मला.”

सोमवारी त्यांनी तिला बोलावलं. दूतावासाकडे तक्रार करायची होती. त्या सांगत गेल्या, ती लॅपटॉपवर टाइप करत गेली. ‘आपल्या अधिकाऱ्यांनी मुदतीआधी मतदान बंद करून माझा हक्क हिरावून घेतला.’ तिची बोटं थांबली.

“किकुए-सान, कोणी बंद नाही केलं. तारीख पत्रात होती. मी पुढे वाचलंच नाही.”

“तुला शनिवारीच कळलं होतं?”

“हो.”

“आणि मी दोन दिवस सरकारला शिव्या देतेय.”

त्या हसल्या नाहीत. तक्रार पुसून टाकायला सांगितली. चहा दिला. दारापर्यंत पोचवायला आल्या.

मंगळवारी चित्रलेखा ऑफिसातून परतली, तेव्हा त्या थंडीत पत्रपेटीपाशी उभ्या होत्या. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात भिंग.

“द्या, मी वाचते,” ती कुंपणाशी येऊन म्हणाली.

“नको,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “वेळ लागतो, पण वाचता येतं.”