मिलिंदचं शेवटचं मशीन

फोन आला तेव्हा मी बेगम बाजारात होते. आमच्या वडिलांना, दादांना, नांदेडकडचं काळं तिखट लागतं. त्याचा मसाला घ्यायला गेले होते आणि दुकानदाराशी धण्यावरून हुज्जत घालत होते. "अक्का, जल्दी आओ. सर का हालत ठीक नै," श्रीनिवास म्हणाला. श्रीनिवास माझ्या धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या, ऑफिसातला, त्याच्याच हाताखाली शिकून तयार झालेला. त्या दिवशी दवाखान्यात मिलिंदजवळ तोच बसला होता. मी पोहोचले तर श्रीनिवास बाहेर उभा, भिंतीकडे तोंड करून. काही विचारायची गरजच उरली नाही. हातातली पिशवी मी कुठं ठेवली, ते अजून आठवत नाही...

मिलिंदला जाऊन आता दोन महिने होतील. दादांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळं आम्ही लहानपणीच नांदेडकडून इकडं तारनाक्याला आलो. आई विहारात गायची, पाळणे आणि ओव्या, गावाकडून आणलेल्या. तिच्यासारख्या आणखी बायका होत्या. कॉलेजात असताना मिलिंदनं त्या सगळ्यांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवलं आणि विहाराच्या मागच्या खोलीतल्या कम्प्युटरवर चढवलं. त्याच्या एका मित्रानं असा प्रोग्राम करून दिला होता, की घरबसल्या मोबाइलवर हवं ते गाणं ऐकता यायचं. आई गेल्यापासून दादांचा सकाळचा चहा तिच्या गाण्याशिवाय झाला नाही. मिलिंद मोबाइलवर लावून द्यायचा. आधी आईचा आवाज, मग पहिला घोट.

भावाचं पोटापाण्याचं काम काय, हे मला लग्नघरात कधी धड सांगता आलं नाही. बायका विचारायच्या आणि मी म्हणायचे, कम्प्युटरचं काहीतरी करतो. एकदा त्यानंच मला समोर बसवून सांगितलं. "ताई, अख्ख्या कम्प्युटरची एक मोठी फाईल करायची. मग तो क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर भाड्यानं चालतो. पण तसाच उचलून नेला तर तिथं उठत नाही." म्हणून नेण्याआधी त्याची तयारी करायची. जुन्या डब्याशी बांधलेलं सगळं सोडवायचं. नेटवर्कवरचा त्याचा ठरलेला पत्ता काढायचा, म्हणजे नव्या जागी मिळेल तो पत्ता तो घेतो. लांबून आत शिरायची वाट चालू आहे ना, ते बघायचं. सगळ्यात शेवटी त्याचं नाव पुसायचं, आतली जुनी खाती पुसायची, तयारी करणाऱ्याचं खातंसुद्धा. मग बंद करायचा, तो थेट तिकडं क्लाउडवरच उघडायचा. या पुसायच्या कामात मिलिंद फार काटेकोर. भाड्याचं घर सोडताना भिंतीतले खिळेही उपटून नेशील, असं मी त्याला चिडवायचे.

त्याचं आजारपण आणि विहारातल्या कम्प्युटरचं दुखणं एकदमच सुरू झालं. कम्प्युटर मधेच बंद पडायचा, आणि त्या दिवशी दादा चहा तसाच ठेवून उठायचे. प्रोग्राम करणारा मित्र कुठं गेला, कुणालाच पत्ता नाही, त्यामुळं नव्यानं बसवणं शक्यच नव्हतं. होता तसा अख्खा कम्प्युटर हलवायचा, एवढाच मार्ग. मिलिंदनं त्याची फाईल करून आणली आणि केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत पलंगावर बसून काम सुरू केलं. मी जाम भांडले. दादाही म्हणाले, "कशाला करूलालास हे? पडून राहा की." तो हौ हौ म्हणायचा. दादा बाहेर गेले की मला म्हणायचा, "ताई, मी नसलो अन् आईही बंद पडली, तर यांनी सकाळी उठून करायचं काय?" मी लॅपटॉपखाली उशी सरकवली.

पहिल्या खेपेला चुकलं. फाईल वर चढली, मशीन सुरू झालं, स्क्रीनवर चालू असल्याचं दिसत होतं, पण आत जाता येईना. जुना पत्ता काढायचाच राहिला होता. "हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, ताई," मिलिंद म्हणाला आणि हसला. मग लॅपटॉप मिटून भिंतीकडे वळून झोपला. डॉक्टरांनी इतके दिवस इतकं सांगितलं होतं, रिपोर्ट दाखवले होते, त्यातलं काही मला पटलं नव्हतं. त्या दुपारी पटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

नशिबानं मूळ प्रत जपून ठेवलेली होती. दुसऱ्या खेपेला त्यानं मला शेजारी बसवलं. त्याचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता, हे तो बोलला नाही, पण मला कळत होतं. त्यानं एकेक पायरी सांगायची, मी विचारायचं, झालं का? "पत्ता काढला?" "काढला." "नक्की?" "ताई, नक्को ना छळू." आयुष्यभर त्याच्या कामातलं मला काही कळलं नाही आणि शेवटी त्याची तपासनीस मीच झाले... सगळं संपल्यावर त्यानं मशीन बंद केलं. त्याच आठवड्यात तो दवाखान्यात गेला, तो परत आला नाही.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर श्रीनिवास घरी आला आणि दादांच्या समोर बसून त्यानं ती फाईल चढवली. मशीनला नवं नाव द्यायचं होतं. "दादा, सर का नाम रख दें?" त्यानं विचारलं. पोराचं मन चांगलं होतं.

"नक्को बेटा," ते म्हणाले. "कल कू बंद पडा तो फोन करके क्या बोलता तू मेरे कू? मिलिंद बंद पड गया बोलके?"

श्रीनिवासनं खाली मान घालून 'तारनाका' असं नाव टाकलं. थोड्या वेळानं खोलीत आईचा आवाज आला, स्वच्छ, कुठंही न अडकता. दादांनी डोळे मिटले. मी श्रीनिवासला बाजूला घेऊन विचारलं, यात आमच्या मिलिंदचं काही उरलंय का? त्याचं नाव, एखादी खूण, काहीही? "नै अक्का," तो म्हणाला. "सर बहोत साफ काम करते थे." मला भावाचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

मशीन नीट चालू आहे. आता सकाळी चहा मी ठेवते. पहिला पाळणा संपतो, दादा कप खाली ठेवतात. डोळे मिटलेलेच असतात.

"मिलिंद, पुढचं लाव," म्हणतात.

मी ओट्याजवळून हात पुसत येते आणि पुढचं लावते.