डोमिसाइलचा अर्ज आणि बाबांचा कॉम्प्युटर

बाबांचा कॉम्प्युटर स्लो झालाय ही बातमी मला दिवसाआड फोनवर मिळायची. ते मुलुंडला एकटे राहतात, मी घाटकोपरला. ऑफिस, घर, मुलीची बारावी, आणि त्यात हे बारा वर्षांचं मशीन. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. एरवी ‘बघते हं बाबा’ म्हणून मी वेळ मारून नेली असती. पण यंदा त्याच मशीनवर माझ्या मुलीचा डोमिसाइलचा अर्ज अडला होता. कॉलेजात कागदपत्रं तपासायच्या आत दाखला हातात आला नसता, तर तिची सीट गेली असती.

अर्ज मी मोबाइलवरही भरला असता, पण बाबांनी तो मागून घेतला होता. पस्तीस वर्षं ते कारकून होते. बिल्डिंगमधले सगळे अर्ज, रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत, त्यांनीच भरलेले. नातीचा अर्ज दुसऱ्या कुणी भरायचा हे त्यांना पटतच नव्हतं. आपल्या हातून गेलेला अर्ज कधी परत येत नाही, असं ते अजून चारचौघांत सांगतात. यावेळी परत यायचा प्रश्नच नव्हता, कारण तो जातच नव्हता. तिसऱ्या पानापर्यंत पोचले की साइट त्यांना बाहेर काढायची, पुन्हा पासवर्ड मागायची आणि भरलेलं सगळं पुसून टाकायची. असं सहा वेळा झालं होतं.

एका रविवारी सकाळीच मुलुंड गाठलं. त्याच वायफायवर माझा मोबाइल व्यवस्थित पळत होता, म्हणजे लाइनचा दोष नव्हता. घोडं मशीनमध्येच पेंड खात होतं. ब्राउझर उघडला तर कोपऱ्यातून एकामागून एक चौकटी उड्या मारायला लागल्या. राशिभविष्य, हवामान, गुडघेदुखीवरचं तेल. सूचना पाठवू का असं ज्या ज्या साइटने विचारलं, तिला बाबांनी होकार दिलेला. कुणी एवढं विचारतंय तर नाही कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या सगळ्या बंद केल्या. दोन-दोन अँटिव्हायरस होते, त्यातला एक काढला. इतक्या वर्षांचा साठलेला कचरा पुसला. अर्धा तास बरं चाललं, मग सीपीयूचा डबा घरघरायला लागला आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

पुढच्या रविवारी मी डबाच उघडला आणि कपाळावर हात मारला. आत पंख्यावर हळदकुंकवाचा थर, अक्षता, आणि झेंडूच्या पाकळ्यांचा वाळून झालेला भुगा. दर दसऱ्याला बाबा कॉम्प्युटरची पूजा करतात, आणि हवा जायची जाळी नेमकी वरच्या बाजूला. देव प्रसन्न झाला की नाही माहीत नाही, पंखा मात्र गुदमरला होता. मशीन तापायचं आणि तापलं की मंद व्हायचं. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले की ज्याच्यावर आपण काम करतो त्याची पूजा करायला नको का? त्यावर भांडायची ताकद माझ्यात नव्हती. गॅलरीत बसून रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं. साकीनाक्याहून येताना आणलेली मेमरी बसवली. पाठीचा काटा ढिला झाला, पण साइट चुटकीसरशी उघडली. बाबा “झकास” म्हणाले आणि लगेच खुर्चीत बसले. मी चहा टाकायला गेले.

चहा घेऊन आले तर त्यांच्यासमोर कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू होती. त्यावर अख्खा अर्ज आधी पेन्सिलीने लिहून काढलेला. एक रकाना एका बोटाने टाइप करायचा. मग ओळीखाली पट्टी धरून कागदावरचं मोठ्याने वाचायचं, मग स्क्रीनवरचं मोठ्याने वाचायचं. त्यांच्या ऑफिसात हीच पद्धत होती, एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नक्कल ताडून बघायची. इथे दुसरा कुणी नव्हता, म्हणून दोघांचं काम तेच करत होते. कागदाचा चष्मा वेगळा, स्क्रीनचा वेगळा. दर ओळीला चष्मा बदलायचा. तिसऱ्या पानावर साइटने त्यांना बाहेर काढलं.

मशीन एकदाही अडलं नव्हतं. साइट पंधरा मिनिटं देत होती आणि बाबांना चाळीस लागत होती. मला ते कळलं, आणि त्यांनाही कळलंय हे त्यांच्या तोंडावर दिसलं. साइटच भंगार आहे, असं मी घाईघाईने म्हणाले.

“नको गं,” ते म्हणाले. “मशीन बरं केलंस. आता त्याच्यावर ढकलता येत नाही.”

मला माझीच लाज वाटली. दोन रविवार राबून मी त्यांच्याकडचं एकुलतं एक कारण काढून घेतलं होतं. ते उठले आणि पलंगाच्या कडेवर बसले. त्या खुर्चीत कधी दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. “बस तू. मी वाचतो,” म्हणाले. ते कागदावरून वाचत गेले, मी टाइप करत गेले. अक्षराचीही चूक नव्हती त्यांच्या कागदात. पुढे दाखला वेळेत मिळाला, मुलीची सीटही राहिली.

पण त्या दुपारी अर्जाचा नंबर स्क्रीनवर आला तेव्हा आठच मिनिटं झाली होती. बाबांनी चष्मा बदलून तो नंबर पाहिला, कागदावर उतरवून घेतला आणि विचारलं, “एवढंच होतं?”

मी हो म्हणाले.