कुमुदआत्याच्या पाटावर

मी अमरावतीच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भानामतीचा विषय काढला, की मी आधी निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक फळ्यावर लिहायला लावते. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभवही मी आजवर त्याच नजरेने वाचत आले... समासात 'झोप अपुरी झाली असावी', 'वायरिंग सदोष असावे' असे शेरे मारत. त्यामुळे पुढचा मजकूर लिहिताना मला संकोच वाटतो आहे. तरी जे घडले ते घडलेल्या क्रमाने मांडते.

गेल्या उन्हाळ्यात मी बत्तीस वर्षांची होते. रोज सकाळी धावायला जाणे, वेळेवर जेवणे, वेळेवर झोपणे हे मी कुणाच्या धाकाने नव्हे, आवडीने करत असे. स्टाफरूममध्ये मला 'जाहिरातीतली बाई' म्हणत.

अकोल्याला माझ्या मोठ्या काकांच्या घरी, चुलतभाऊ सौरभचे लग्न होते. आमच्या घराण्यात लग्नाआधी एक विधी असतो. घरातली एखादी स्त्री नवरा हयात असताना गेलेली असेल, तर तिच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवतात, हळदकुंकू लावतात, ओटी भरून जेवू घालतात. त्या जेवणापुरते तिला गेलेल्या बाईच्याच नावाने हाक मारतात. आमच्याकडे हा मान कुमुदआत्याचा, म्हणजे बाबांच्या बहिणीचा. ती माझ्या जन्माआधीच गेली. माहेरी आलेली असताना हार्ट अटॅक आला, म्हणून तिचा मानही माहेरीच, असे आम्हाला लहानपणापासून सांगितले होते. आजवर पाटावर माझी आई बसत असे. या वेळी तिचा गुडघा वाकेना, म्हणून मी बसले.

मोठ्या आईने, म्हणजे सौरभच्या आईने, माझ्या पावलांना, हातांना आणि कपाळाला हळद लावली. एवढ्याच ठिकाणी — हे मी मुद्दाम नोंदवते. मग हात जोडून म्हणाली, "कुमुद, पोटभर जेव वं बाई. पोरीसोरींवर ध्यान ठेव."

सौरभची धाकटी बहीण गौरी वाढत होती. "ताई, दोन पुरणपोळ्या तर आत्याच्याच नावाच्या हायेत. तुहं ते डाएट उद्यापासून."

मी हसले. मोठी आई मात्र हसली नाही. माझ्याकडे बघता बघता पदराने डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा असल्याने मी दुपारच्या बसने अमरावतीला परतले आणि संध्याकाळी अंघोळीला गेले. इथे थोडे शास्त्र सांगते. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे आणि साबण आम्लारीधर्मी असतो, म्हणून हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो. माझे विद्यार्थी हा प्रयोग दरवर्षी करतात. माझ्या पावलांवरची हळद तशीच लालसर झाली. पण डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, स्तनाच्या कडेला आणखी एक पिवळा पट्टा होता, चार बोटे टेकवावीत एवढा. त्यावर साबण लावला... तो पिवळाच राहिला. पुन्हा लावला. काही फरक नाही. ब्लाउज आतून तपासला. पांढरे अस्तर कोरे होते.

मी चिडून तो पट्टा घासू लागले, आणि बोटांखाली काहीतरी लागले. बोराच्या बीसारखे कठीण. ढकलले तरी न सरकणारे.

निखिलला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. त्याने तो पट्टा पाहिला. "हळदच आहे," तो म्हणाला. "पण इथं लावली कोणी?"

फोटो काढण्याचे आम्हा दोघांनाही सुचले नाही. सकाळी पट्टा नव्हता. गाठ होती.

पहिल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "या वयात बहुतेक साधीच गाठ असते. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा." एरवी मी मान डोलावून उठले असते. त्या दिवशी मी खुर्चीवरून हलले नाही आणि सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊनच निघाले. सोनोग्राफीनंतर मॅमोग्राफी, मग बायोप्सी. कॅन्सर होता.

मला भीती नंतर वाटली. आधी वाटला तो अपमान. ज्या शरीराची मी इतकी वर्षे इमानाने निगा राखली, त्याने एकदाही ताप आणून, कुठे दुखवून मला कल्पना दिली नव्हती. मी सकाळी बुटांची नाडी बांधून धावत होते आणि ते माझ्याच खाण्यावर आत ती गाठ वाढवत होते. आरशात बघताना मला कुणा तोंडदेखल्या मैत्रिणीकडे बघावे तसे वाटू लागले.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारले, "घराण्यात कुणाला झालाय? आई, मावशी, आत्या?"

"कुणालाच नाही," मी तोंडी परीक्षेत द्यावे तसे चटकन उत्तर दिले. आईबाबा शेजारीच बसले होते.

बाहेर आल्यावर आई बाबांसमोर उभी राहिली. "तुमी सांगता, का मी सांगू?"

बाबा चष्मा पुसू लागले. मग आईच बोलली. "कुमुदताईले हेच झालं होतं, प्रणाली. हार्ट अटॅक नाही. सासरच्यायनं माहेरी आणून टाकलं आन् पुन्हा पाहायले आले नाहीत."

"कोणती बाजू?"

आईने स्वतःच्या डाव्या काखेखाली बोटे टेकवली.

"मले काहून नाही सांगितलं?" मी बाबांना विचारले. घरात मी क्वचितच अशी वऱ्हाडी बोलते.

"त्या टायमाले लोकं अशा घरातल्या पोरी करत नव्हते," बाबा म्हणाले. "तुहं लग्न व्हायचं होतं."

"लग्नाला सहा वर्षं झाली, बाबा."

"मग गौरीचं होतं ना."

ज्या माणसाने मला औषधाच्या बाटलीवरचा प्रत्येक शब्द वाचल्याशिवाय झाकण उघडू दिले नाही, तो हे बोलत होता. डॉक्टरांसमोर माझे चुकीचे उत्तर त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतले होते.

दोन दिवसांनी मोठ्या आईचा फोन आला. खूप रडली. मग म्हणाली, "बेटा, लोकायले पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगू. गौरीले पाहायले येऊन राह्यले ना... तेवढं जमून जाऊ दे."

"गौरीला माहीत आहे?"

"तिले कायले भेव घालाचं?"

डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले होते, की रक्ताच्या नात्यातल्या मुलींनीही तपासून घ्यायला हवे. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी अकोल्याला गेले. गौरी भाजी निवडत होती, मोठी आई समोर होती. मी आत्याचे, माझे आणि गाठीचे सारे, पाठ समजावावा तसे, क्रमाने सांगितले. हळदीचेही सांगितले.

गौरीच्या हातातली मेथी तशीच राहिली. "आई, तुले माहीत होतं?"

मोठ्या आईने मेथीची जुडी स्वतःकडे ओढली.

"आत्याले म्हणे, पोरीसोरींवर ध्यान ठेव," गौरी म्हणाली. "आन् तू कशावर ध्यान ठेवत होती?" मग ती उठली, मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि कडी लावली. "ताई, कसं पाहाचं ते शिकव मले."

मी शिकवले. तिच्या बोटांना काही लागले नाही. तरी दुसऱ्याच आठवड्यात ती डॉक्टरांकडे जाऊन आली. आलेले स्थळ तिने स्वतः फोन करून सगळे सांगितल्यावर परत फिरले. मोठी आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

माझ्या केमोला बाबा दर वेळी येतात, बाहेरच्या बाकावर बसून राहतात. डबा आणतात. मी जेवते. बोलणे मला अजून जमलेले नाही.

त्या पट्ट्याबद्दल मी शक्य ते सगळे तपासले. औषधे, लोशन, घाम, कपड्यांचा रंग, निखिलची आणि माझी एकाच वेळी झालेली नजरचूक. एकही अनुमान त्या निरीक्षणाला पुरत नाही. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचले तर जरूर कळवा, मी ते प्रामाणिकपणे तपासून पाहीन. मात्र ज्यांना ठाऊक होते ते इतकी वर्षे गप्प का राहिले, याचे कारण कुणी मला समजावू नये. ते मी ऐकले आहे.