अर्ध्या हँडलाची पसंती
पेट्रोल पंपावरचा वास आला की मला लालबागच्या चाळीतला मावशीचा बघण्याचा कार्यक्रम आठवतो. मुलगा कॉटन ग्रीनला स्वतःच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकमधून कापसाच्या गाठी वाहायचा, आणि त्या दिवशी ट्रक घेऊनच आला होता. तेव्हाचे ट्रक पुढून लोखंडी हँडल फिरवून चालू करायचे. पोहे खाताना फुशारकीने म्हणाला, "सहा सिलिंडर आहेत. अर्ध्या हँडलात चालू होतो." मावशी लॉरी ड्रायव्हरची मुलगी. ती थेट खाली उतरली, बॉनेटला हात लावला आणि म्हणाली, "गरम इंजिन काय, कोणीही चालू करेल. गार होऊ दे, मग बघू." दोन्हीकडची माणसं चहावर चहा पीत थांबली. हातचं स्थळ जाणार म्हणून आजी डोक्याला हात लावून बसली. शेवटी मावशीने पदर खोचला, स्वतः हँडल मारलं, आणि अर्ध्या फेऱ्यातच ते इंजिन असं एका लयीत घुमू लागलं की गॅलरीतल्या बायकाही वाकून बघू लागल्या. "पसंत आहे," मावशी म्हणाली. तो ट्रक पुढे कित्येक वर्षं, भर पावसातही, कधी रस्त्यात बंद पडला नाही. त्या मुलाला, म्हणजे आमच्या काकांना, मात्र अजून रोज सकाळी उठवायला चार हाका माराव्या लागतात. मावशी म्हणते, "इंजिन बघून हो म्हटलं, माणूस बघायचा राहिलाच."