तिन्हीसांजेला पारखलेली दुर्बीण

मंडळी, आत्ताच दुकानातून आले. जीव भांड्यात पडलाय, म्हणून लिहितेय.

आमचे हे इथे मिशिगनमध्ये दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातात. मी शाकाहारी, तरी रायफलवर बसवायची दुर्बीण घ्यायला मलाही ओढून नेलं. आत लाल ठिपका पेटणारी हवी होती. ह्यांनी नेमकी सगळ्यात जड आणि झगझगीत ठिपक्याची उचलली.

"अहो, मागच्या वर्षी खांदा धरून बसला होतात ना? आणि आधी बाहेर नेऊन बघा. साडी आपण ट्यूबलाइटखाली बघून घेतो का?"

दुकानदाराला साडीचं सांगितलं तर तो हसला, पण एक हलकी दुर्बीणही घेऊन आमच्याबरोबर पार्किंगमध्ये आला. तिन्हीसांज झाली होती, शिकारीला हरणं बाहेर पडतात तीच वेळ.

जड दुर्बिणीत ह्यांना त्या लालभडक ठिपक्यापलीकडे काही दिसेचना. हलक्या दुर्बिणीतला ठिपका मंद करता येत होता. तिच्यातून समोरच्या झाडाची फांदी न् फांदी दिसली, आणि झाडामागे गाडीत सामान भरणारा एक माणूस.

पहिल्या दुर्बिणीत तो माणूस नव्हताच.

ह्यांनी जड दुर्बीण दुकानदाराला परत दिली. हलकी घेतली आणि निघालो.

तुमच्या घरी कोणी शिकारीला जात असेल, तर आज एवढंच विचाराल का: दुर्बीण दुकानात बघून घेतली, की बाहेर?